तिसऱ्या धुण्यानंतर: एका नर्सरीबद्दल

टॉवेल दुकानात कळत नाही. दुकानात सगळेच मऊ असतात, कारण शेवटी सॉफ्टनर मारलेलं असतं. खरा माल तिसऱ्या धुण्याला कळतो. सॉफ्टनर निघून जातं, लूप बसतात, किनार आखडते, आणि मग तो एक तर पाणी प्यायला लागतो, नाहीतर अंगावरून नुसता फिरतो. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी १९ वर्षं हिशेब लिहितेय, त्यामुळे कुठल्याही गोष्टीबद्दल पहिल्या दिवशी मत द्यायची सवय मोडलेली आहे. ह्या नर्सरीबद्दलही म्हणून वर्षभर थांबले. एक उन्हाळा, एक पावसाळा, एक संक्रांत आणि आता पुन्हा उन्हाळा. धुणी झाली.

नर्सरीचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि मला तिथं परत जायचंय. सोलापुरातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक रस्त्यांना एखादी नर्सरी लागतेच, त्यातली एक समजा. वर्णनावरून ओळखलीत तर मालकांना सांगू नका.

गेटमधून आत शिरलं की पहिली गोष्ट म्हणजे गारवा. वर हिरवी जाळी, खाली ओली जमीन, मधे पाण्याचे फवारे. बाहेर रस्त्यावर डांबर चपलेला चिकटतंय आणि इथं आत मातीचा वास. माणूस अर्धा तिथंच विकला जातो. ह्या गारव्याचा खर्च झाडाच्या किमतीत धरलेला असतो, पण गारवा काही पिशवीत घालून देत नाहीत, हे मला घरी गेल्यावर कळलं.

गेल्या एप्रिलच्या शेवटी गेले. शहराच्या जुळे सोलापूर भागात आमची दुसऱ्या मजल्यावर जागा, वर गच्चीचा एक तुकडा आमच्या वाट्याला. तिथं आजवर फक्त कुरडया वाळत होत्या. कुरडयांना पाणी घालावं लागत नाही, किडे लागत नाहीत आणि आठ दिवसांत निकाल लागतो, हे त्यांचे फायदे तेव्हा माझ्या लक्षात आले नव्हते. मी समोरच्या रांगेतून पाच झाडं उचलली. एक हायड्रेंजिया ४५०, एक अनंत २८०, दोन गुलाब प्रत्येकी २२०, एक पांढरी जास्वंद १८०. एकूण १३५०. प्रत्येक झाडाला मी एकच प्रश्न विचारला, म्हणजे मालकांना विचारला: "हे आपल्या उन्हात येईल ना?" मालकांनी पाचही वेळा मोबाइलवरून मान वर न करता सांगितलं, "चालतंय की मॅडम."

सोलापुरात "चालतंय की" हे उत्तर नसतं, तो श्वास असतो. हे मला ५४ वर्षं इथं राहून माहीत असायला हवं होतं.

हायड्रेंजियाचं थोडं सविस्तर लिहिते, कारण पैसे तिथं जास्त गेले. ताटाएवढा निळा गुच्छ होता. हे मुळात थंड, ओल्या हवेचं झाड. माती आंबट असली की फूल निळं, चुनखडीची असली की गुलाबी, असा त्याचा रंगांचा खेळ. आमच्याकडे त्याने तिसराच रंग दाखवला. पहिल्या दिवशी दुपारी पानं ओल्या फडक्यासारखी खाली लोंबली, संध्याकाळी पाणी घातल्यावर उठली. दुसऱ्या दिवशी उठायला रात्रीचे दहा वाजले. तिसऱ्या दिवशी मी त्याला छत्री बांधली, घरातली काळी छत्री, जी काळी असल्यामुळे आणखी तापली. चौथ्या दिवशी गुच्छाच्या कडा चहात बुडवल्यासारख्या झाल्या. सहाव्या दिवशी सासूबाईंनी हात लावला आणि अख्खा गुच्छ कुरडईसारखा कुरकुरला. आमच्या जिल्ह्यात भौगोलिक मानांकन चादरीला आहे, टेरी टॉवेलला आहे, डाळिंबाला आहे. हायड्रेंजियाला का नाही, ते समजलं.

बाकीच्यांचा हिशेब थोडक्यात. एक गुलाब मे महिन्यातच गेला. दुसऱ्याचं वरचं कलम वाळलं आणि खालच्या रानटी खुंटाला जोमदार फूट आली. फुलं नाहीत, काटे मात्र रोज नवे. अनंताची पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या, कळ्या यायच्या आणि उघडायच्या आधी गळायच्या. नाव अनंत, तर वाट पाहणंही तसंच असणार. जास्वंद जगली, भरभरून वाढली, आणि पाच महिन्यांनी पहिलं फूल आलं ते लालभडक. गणपतीची सोय झाली, पण मी पांढरीचे पैसे दिले होते. हे मालकांना सांगितलं तर म्हणाले, "रंग देवाच्या हातात मॅडम." आमच्या कारखान्यात कुणी पांढऱ्या ऑर्डरला लाल माल पाठवून हे उत्तर दिलं, तर मला बघायचंय.

मेलेला हायड्रेंजिया पिशवीत घालून मी परत गेले होते, भांडायला. मालक म्हणाले, पाणी जास्त झालं असेल. मी म्हटलं, दिवसाला एक तांब्या. म्हणाले, मग कमी झालं असेल. बदलून देत नाही, पाटी बघा. पाटी होती खरी, मनीप्लांटच्या वेलाखाली झाकलेली. तेवढ्यात मागच्या बाजूला पिशव्या भरत बसलेली बाई माती झटकत उठली, माझ्या हातातली पिशवी उघडून बघितली आणि हळूच म्हणाली, "हे कशाला नेलीस ताई? समोरचं सगळं पावणं हाय. पावणं चार दिस र्‍हातंय, नटतंय, जातंय. घरचं पायजे तर मागं ये."

तिला तिथं सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणते. वय साठीच्या आसपास. आधी २० वर्षं तिने विड्या वळल्या. आता तीच बोटं माती वळतात, म्हणजे मूठभर माती घेऊन दाबते आणि उघडते. गोळा तसाच राहिला तर वाईट, हात लावताच भुगा झाला तर चांगली. घरची भाषा तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठी, आणि आमच्या सासूबाई एकदा आल्या तेव्हा त्यांच्याशी कन्नड. तीन भाषांत तिचं एकच म्हणणं असतं: पाणी कमी घाला.

समोरची रांग पाहुणी का, ते तिच्याकडून कळलं. त्यातली बरीच झाडं ट्रकने आंध्रातून येतात, राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून. गोदावरीच्या काठचा तो मुलूख, तिथं कोसभर नर्सऱ्याच नर्सऱ्या. ओली हवा, मुबलक पाणी, तिथं झाड लाडात वाढतं. ट्रकमधून उतरतं तेव्हा फुलांनी लगडलेलं असतं, कारण ते तसं विकायलाच तयार केलेलं असतं. ट्रकवाल्याशी अक्का तेलुगूत बोलते, त्यामुळे कुठलं झाड कधी निघालं आणि वाटेत किती तापलं हे मालकांपेक्षा तिला जास्त माहीत. त्या झाडांना मी दोष देत नाही. गोदावरीकाठच्या मुलीला मेच्या दुपारी जुळे सोलापुरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत उभं केलं तर ती तरी काय करणार?

मागची रांग म्हणजे शेवटची हिरवी जाळी संपते तिथं, भिंतीला लागून. जाळी फाटलेली, त्यामुळे ऊन थेट येतं. फवारा पोचत नाही. न विकलेली, वाकडी, एका अंगाने वाढलेली, फांदी मोडलेली झाडं तिथं सरकवलेली असतात. कुणाला दोन वर्षं झालेली, मुळं पिशवी फाडून जमिनीत गेलेली. बघितल्याबरोबर मला आमचं सेकंडचं गोदाम आठवलं. सेकंड म्हणजे फाटका माल नव्हे. एखादी धाग्याची चूक, एखादा डाग, किनार जरा तिरकी, एवढंच. परदेशी ऑर्डरला जात नाही, म्हणून किलोवर विकला जातो. पण अंग पुसायला तो वर्षानुवर्षं टिकतो. माझ्या घरात फर्स्टचा टॉवेल फक्त पाहुण्यांना.

जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर त्या रांगेतून नऊ झाडं आणली, सगळी मिळून ३८०. वाकडा मोगरा, कढीपत्ता, दोन सदाफुल्या, गवती चहा, बोगनवेल, कोरफड, तुळस आणि पाने खाल्लेलं एक लिंबू. नऊपैकी आठ आज जिवंत आहेत. लिंबू गेलं, त्यात चूक माझी होती, त्याला मी सासूबाईंच्या हवाली केलं होतं.

आता मातीचं. हे कुणी दुकानदार सांगत नाही आणि माझे १३५० ह्याच्यावरच गेले. समोरच्या रांगेतल्या झाडाची काळी पिशवी कात्रीने उभी कापा. आत लाल, चिकट मातीचा गोळा निघतो, मुळाभोवती घट्ट, मुठीने दाबलेल्या लाडूसारखा. ट्रकमध्ये हलू नये म्हणून तो तसा असतो. हा गोळा तसाच आपल्या भुसभुशीत मातीत ठेवला की पाणी घातल्यावर ते सोपा रस्ता धरतं, गोळ्याच्या कडेने खाली जातं आणि कुंडीच्या भोकातून बाहेर येतं. आपण खूश, झाडाला पाणी पुरलं. आत लाडू कोरडा ठणठणीत. माझा गेलेला गुलाब उपटून बघितला तर मधली माती बोटाने फुटेना, आणि बाहेरची माती ओली होती. पाण्यात राहून तहानेने मेला.

अक्काचा उपाय असा. पावसाळ्यात आणलंत तर गोळा तासभर बादलीत बुडवायचा आणि बाहेरची थोडी माती बोटांनी सोडवायची, सगळी नाही. पांढरी बारीक मुळं दिसायला लागली की थांबायचं. उन्हाळ्यात मुळाला हात लावायचाच नाही, दाभणाने गोळ्याला सात-आठ ठिकाणी खोल टोचायचं, म्हणजे पाणी आत शिरतं. दाभण माझ्याकडे होतंच, कारखान्यात गाठोडी शिवायचं. अनंत त्यानेच वाचला. त्याला चिमूटभर हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, आणि पावसाचं साठवलेलं पाणीही दिलं, कारण आमच्या बोअरच्या जड पाण्यात त्याची पानं पिवळी पडतात. पानं आता हिरवी झाली आहेत. फूल अजून नाही. मी विचारत नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे. सोलापुरात बाग ही हौस नसून गणित आहे. उजनी धरण भरलं काय आणि उणं झालं काय, आमच्या गल्लीत नळ चार दिवसांआड. कधी पहाटे तीनला, कधी पाचला. सासूबाई ८१ वर्षांच्या, त्यांना ऐकू कमी येतं, पण नळाच्या पाइपात हवा खुळखुळली की सगळ्यांत आधी त्या उठतात आणि अंधारात आरोळी ठोकतात, "नीरु बंतु!" म्हणजे पाणी आलं. आमच्या घरात कन्नड फक्त पाणी, देव आणि भांडण ह्यांसाठी राहिलीय. त्या आरोळीनंतर दीड तास कुणी कुणाशी माणसासारखं बोलत नाही. पिंप, टाकी, हंडे, बादल्या. ह्या धांदलीत एवढ्या कुंड्या म्हणजे घरातले तितकेच जादा मेंबर.

सुरुवातीला मी हुशारी केली. फिल्टरमधून जे पाणी वाया जातं ते बादलीत धरून झाडांना घातलं. चांगलं वाटत होतं, थेंबही फुकट नाही वगैरे. महिन्याभरात कढीपत्त्याच्या पानांच्या कडा करपल्या. अक्काला पान दाखवलं, तिने नुसतं विचारलं, "फिल्टरचं घातलीस?" पाण्यातलं सगळं मीठ त्याच बादलीत गोळा होतं. तेव्हापासून ते फरशी पुसायला. झाडांना तांदूळ-डाळ धुतलेलं आणि भाजी धुतलेलं.

आणि सुगडं. हा शोध माझा, अक्काचा नाही, म्हणून जरा मिरवते. संक्रांत झाली की प्रत्येक घरात पाच-सात सुगडं उरतात. ऊस, बोरं, हरभरे, गाजर भरून पूजा झाली, वाण देऊन झालं, मग ती माळ्यावर. टाकवत नाहीत. सोलापुरात तर मातीच्या भांड्याला विशेषच मान, कारण संक्रांतीत भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत जो लग्नसोहळा होतो तो सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचा आणि कुंभारकन्येचा. ह्या वर्षी मी सुगडं कुंडीत गळ्यापर्यंत पुरली, पाण्याने भरली आणि वर पणती पालथी घातली, डास होऊ नयेत म्हणून. भाजलेल्या साध्या मातीतून पाणी झिरपतं, तेही भोवतीची माती कोरडी असेल तरच. माती ओली असली की झिरपणं मंदावतं. एका सुगडात मोठा ग्लासभर पाणी, दोन दिवस पुरतं. शेतात मोठी मडकी पुरून असंच पाणी देण्याची रीत जुनीच आहे, मी फक्त संक्रांतीचं वाण कामाला लावलं.

सातपैकी तीन सुगडांतलं पाणी मात्र हललंच नाही. चार दिवस झाले, पातळी तिथल्या तिथं. बाहेर काढून बघितलं तर ती रंगवलेली होती, चकचकीत ऑइलपेंट, टिकल्या, सोनेरी वेलबुट्टी. छिद्रं सगळी बंद. बाजारात ती पाच रुपये महाग मिळतात. पुढच्या वर्षी साधी घेणार, आणि कुणी विचारलं की गरिबी का दाखवतेस, तर कुंडी दाखवणार.

बोगनवेलीवर आमच्या घरात दोन पक्ष होते. जून ते डिसेंबर तिला नुसती पानं, फूल एक नाही. सासूबाई रोज तिला तांब्याभर पाणी घालायच्या आणि पाठीवरून हात फिरवावा तसा पानांवरून हात फिरवायच्या. मी अक्काला विचारलं तर ती हसली, "पोटभर जेवलेलं झाड कशाला फुलतंय?" हे ऐकून मला माझा भाऊ आठवला. त्याची सांगोल्याला डाळिंबाची बाग आहे. बहार धरायच्या आधी तो महिना-दीड महिना पाणी तोडतो, पानं गळू देतो, छाटणी करतो, मग खत-पाणी सोडतो आणि झाड फुलांनी लाल होतं. त्याला शेतकरी ताण देणं म्हणतात. लहानपणापासून हा शब्द ऐकत आले, पण तो गच्चीवरच्या कुंडीलाही लागू होतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

पण सासूबाईंना कोण सांगणार? त्यांच्या मते तहानलेल्याला पाणी न देणं हे पाप, मग तो माणूस असो की वेल. शेवटी जानेवारीत पुतण्याच्या लग्नाला सगळे पाच दिवस गावी गेलो. परत आल्यावर आठवड्याभरात बोगनवेलीला राणी रंगाचे ठिपके, पंधरा दिवसांत पानं दिसेनाशी. सासूबाई खुर्ची टाकून समोर बसल्या, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "माझ्या पाण्याचा तिला राग होता." त्यांना दुखवू नये म्हणून मी जवळून दाखवलं की हा रंग फुलांचा नाहीच, ती रंगीत पानंच आहेत, खरं फूल मधे बारीक पांढरट, एकेका झुबक्यात तीन. त्यावर त्यांचं समाधान झालं. म्हणजे फूल मोठं नाहीच, तर राग तरी किती असणार.

आमच्या कारखान्यात टेरीच्या, म्हणजे लूपवाल्या टॉवेलच्या, मागाला दोन बीम लागतात, उभ्या धाग्यांचे दोन रूळ. एका बीमचा ताणा घट्ट, तो कापडाचा पाया. दुसऱ्याचा ढिला, त्यातून लूप उठतात. दोन्ही घट्ट केले तर साधं कापड निघेल, दोन्ही ढिले केले तर काहीच निघणार नाही. आता बोगनवेल माझ्याकडे आणि तुळस सासूबाईंकडे, अशी वाटणी झालीय. तुळशीला त्या दोन्ही वेळा घालतात.

मोगऱ्याबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं. वाकडा होता म्हणून ४० रुपयांत मिळाला. अक्काने सांगितल्याप्रमाणे जानेवारीच्या शेवटी छाटला, उरलेली पानंसुद्धा खुडली, दहा दिवस पाणी तोडलं. नुसत्या काड्या उभ्या होत्या. शेजारणीने जिन्यात विचारलं, "गेला का?" मी हो म्हटलं, समजावत बसायचा कंटाळा आला. मग मूठभर निंबोळी पेंड, दोन मुठी शेणखत आणि पाणी. फेब्रुवारीअखेर तांबूस फूट आली, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कळ्या.

मोगऱ्याची कळी उद्या उमलणार की परवा, ते ओळखता येतं. सकाळी ती हिरवट आणि कडक असते. ज्या दिवशी उमलायची त्या दिवशी दुपारपर्यंत फुगून दुधासारखी पांढरी होते आणि टोक जरा सैल पडतं. कारखान्यातून साडेसहाला आले की पर्स न ठेवता वर जाते. पहिल्या दिवशी ११ फुलं निघाली. ११ फुलांचा गजरा होत नाही. दोन देवाला, दोन सासूबाईंच्या अंबाड्यात, एक ह्यांच्या शर्टाच्या खिशात, ते त्यांना दुसऱ्या दिवशी ऑफिसात सापडलं, आणि उरलेली सहा वाटीभर पाण्यात, माठाशेजारी. त्या रात्री लाइट गेली होती. गच्चीवर चटई टाकून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही असं जेवलो. वारा नव्हता, पण वास होता. सासूबाई म्हणाल्या, "साकु." म्हणजे पुरे. चटणी पुरे म्हणाल्या की आणखी काही, ते मी विचारलं नाही, त्यांना ऐकू आलं नसतं.

तक्रारी राहिल्या. गांडूळखताची पाच किलोची पिशवी घेऊ नका. मी चाळली तेव्हा अर्धी माती, त्यात खडे आणि एका गुटख्याच्या पुडीचा तुकडा निघाला. गांडुळांना व्यसन लागलं असेल तर माहीत नाही. प्लास्टिकच्या मोठ्या कुंड्यांना खाली भोक नसतं. विचारलं तर "घरी पाडून घ्या", म्हणजे गॅसवर सळई तापवा आणि वासाने खोकत बसा. घरपोच सेवा आहे असं लिहिलंय, पण टेम्पोवाला दुसऱ्या मजल्यावर चढवत नाही, जिन्याखाली ठेवून जातो. बिल मागितलं तर मालक असं बघतात जणू मी त्यांच्या जमिनीचा उतारा मागितला.

पाचपैकी गुण द्यायचे तर मालकांना दीड, त्यातला अर्धा गारव्याचा. खताला शून्य. मागच्या रांगेला साडेचार. अक्काला पाच. ह्याची सरासरी काढू नका, ती माझ्याच कामाची सवय आहे आणि इथं फसवी निघते.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर जा. समोर थांबू नका, फोटो काढायचे तर काढा आणि पुढे चला. फाटकी जाळी दिसेपर्यंत चालायचं. अक्का साडेपाचच्या सिटी बसने घरी जाते, त्याआधी पोचा. झाड दाखवून "हे चालेल का" असं तिला विचारू नका. आपल्या गच्चीवर ऊन किती वाजता येतं आणि पाणी किती दिवसांनी येतं ते सांगा, झाड ती काढून देते.

ती सल्ल्याचे पैसे घेत नाही. म्हणून मागच्या शनिवारी मी तिला कारखान्यातून दोन टॉवेल नेऊन दिले, निळी किनार, मऊसूत. अक्काने हातातली माती पदराला पुसली, टॉवेल उलटा केला, अंगठ्याने लूप दाबून बघितले, मग किनार डोळ्यांजवळ नेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. एका जागी थांबली. तिथं खरंच एक धागा सुटलेला होता.

"मागच्या रांगेतलं हाय न्हवं?" म्हणाली, आणि दोन्ही घडी घालून पिशवीत ठेवले.